रोध परत आला, म्हणजे अतिसंवाहकता गेली का?

असा एक आलेख डोळ्यांसमोर आणा. आडव्या अक्षावर चुंबकीय क्षेत्र, शून्यापासून 60 टेस्लापर्यंत. उभ्या अक्षावर एका स्फटिकाचा विद्युत रोध. रेषा डावीकडून तळाला चिकटून निघते, अगदी शून्यावर. 22 टेस्लाला किंचित उचलते, 30च्या आसपास भराभर चढते आणि 38च्या पुढे सपाट होते. स्फटिक अतिसंवाहक आहे, म्हणजे पुरेसा थंड केला की ज्याचा रोध पूर्ण नाहीसा होतो, ज्याला आपण सरसकट सुपरकंडक्टर म्हणतो तो. तर त्याची अतिसंवाहकता किती टेस्लाला संपली?

रेषा पहिल्यांदा उचलली तिथे कुणी बोट ठेवेल. कुणी चढाच्या मध्यावर ठेवेल. तिसरा म्हणेल, रेषा पूर्ण सपाट होईपर्यंत काहीतरी शिल्लक आहेच, तेव्हा 38. तिघांकडे कारणं आहेत, आणि तिघांच्या उत्तरांत 16 टेस्लांची तफावत पडते. ‘या पदार्थाचं निर्णायक क्षेत्र (अतिसंवाहकता संपवणारं क्षेत्र) अमुक टेस्ला’ असा जो एकच आकडा छापलेला दिसतो, त्याच्यामागे कुणीतरी असं बोट ठेवलेलं असतं. ते कुठे आणि का ठेवलं हे समजून घेतलं की हा सगळा विषय हाताशी येतो, असं मला वाटतं.

गोष्ट सुरू होते एका अपेक्षाभंगापासून. 1911 साली लायडनच्या प्रयोगशाळेत हाइके कामरलिंग ओनेस यांना दिसलं की पारा 4.2 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा रोध एकाएकी नाहीसा होतो. तार तापणार नसेल, वीज वाया जाणार नसेल, तर अशा तारेची कॉइल गुंडाळून प्रचंड ताकदीचं चुंबक का करू नये? ओनेस यांच्या डोळ्यांसमोर 10 टेस्लाचं चुंबक होतं. प्रत्यक्षात शिशाच्या कॉइलने एक दशांश टेस्लाच्या आतच मान टाकली. तिच्यातून वाहणाऱ्या विजेने जे क्षेत्र तयार झालं, त्यानेच तिची अतिसंवाहकता मोडली. शिशाची मर्यादा निरपेक्ष शून्याजवळही 0.08 टेस्ला आहे आणि पाऱ्याची 0.04. नेहमीचं एमआरआय यंत्र 1.5 टेस्लाचं असतं, यावरून हे आकडे किती चिमुकले आहेत ते कळेल.

शिसं, पारा यांसारखे पदार्थ क्षेत्राला आत येऊच देत नाहीत. 1933 साली माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी हे दाखवून दिलं: थंड होऊन अतिसंवाहक होताना हे पदार्थ आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलून देतात. पण या ढकलाढकलीला ऊर्जा लागते. क्षेत्र वाढत गेलं की एका क्षणी ती परवडेनाशी होते आणि सगळा डोलारा एकदम कोसळतो.

दुसऱ्या प्रकारचे पदार्थ समजूतदार आहेत. खारकीव्हमध्ये लेव्ह शुबनिकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिश्रधातूंवर मोजमापं केली, तेव्हा क्षेत्र आत शिरूनही अतिसंवाहकता टिकून राहते असं त्यांना दिसलं. ते 1937 साल होतं. त्याच वर्षी स्टालिनच्या राजवटीत शुबनिकोव्ह यांना अटक करून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या मोजमापांचा खरा अर्थ अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये उलगडला. 2003 साली अब्रिकोसोव्ह यांना नोबेल मिळालं. शुबनिकोव्ह यांचं नाव आजही फार थोड्यांना ठाऊक असतं, याची मला मनापासून खंत वाटते.

अब्रिकोसोव्ह यांचं म्हणणं असं. क्षेत्र आत शिरतं ते सगळीकडून सारखं नाही, तर बारीक धाग्यांनी. प्रत्येक धाग्याभोवती वीज गोल फिरत राहते, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी. म्हणून त्याला भोवराच म्हणतात. भोवऱ्याचा गाभा साध्या धातूसारखा, आणि भोवऱ्यांमधली सगळी जागा अतिसंवाहक. प्रत्येक भोवरा अगदी ठरावीक मापाचं चुंबकत्व वाहून नेतो: 2.07 × 10⁻¹⁵ वेबर, पदार्थ कोणताही असो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तांबड्या रक्तपेशीएवढ्या चौकोनातून जेवढं चुंबकत्व आरपार जातं, साधारण तेवढं एका भोवऱ्यात मावतं.

बाहेरचं क्षेत्र वाढवलं की भोवऱ्यांची संख्या वाढते आणि ते दाटीवाटीने उभे राहतात. 1 टेस्लाला दोन भोवऱ्यांमध्ये सुमारे 49 नॅनोमीटर अंतर असतं, 60 टेस्लाला जेमतेम 6. शेवटी गाभ्याला गाभा भिडतो, मधली जागाच उरत नाही. हे ज्या क्षेत्राला घडतं, ते ‘वरचं निर्णायक क्षेत्र’. खरं मोजायचं असतं ते हे.

आणि ते मोजल्याने काय मिळतं ते पाहा. गाभ्याची रुंदी मनमानी नसते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, त्यांना कूपर जोड्या म्हणतात, आणि गाभ्याचं माप त्या जोडीच्या पसाऱ्यावरून ठरतं. म्हणजे भोवरे किती टेस्लाला एकमेकांना भिडले हे कळलं, की जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून साधारण किती अंतर राखून आहेत ते काढता येतं. वरचं निर्णायक क्षेत्र 30 टेस्ला असेल तर हे अंतर सुमारे 3.3 नॅनोमीटर, 80 टेस्ला असेल तर सुमारे 2. चुंबकाने इलेक्ट्रॉनांच्या जोडीला फूटपट्टी लावता येते! या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

जोडी मोडायचा आणखी एक मार्ग क्षेत्राकडे आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतः एक इवलंसं चुंबक असतो, आणि नेहमीच्या जोडीत या दोन चुंबकांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. जोरदार क्षेत्र दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहतं. ओढ जोडीच्या बंधापेक्षा वरचढ झाली की जोडी तुटते. क्लॉगस्टन आणि चंद्रशेखर (हे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर नव्हेत) यांनी 1962 साली स्वतंत्रपणे या मर्यादेचा हिशेब मांडला: अतिसंवाहकता सुरू होण्याचं तापमान केल्विनमध्ये घ्या, त्याला 1.84 ने गुणा, आलेला आकडा टेस्लामध्ये. 10 केल्विनच्या पदार्थाला सुमारे 18 टेस्ला. एखादा पदार्थ ही मर्यादा बेधडक ओलांडताना दिसला, तर त्याच्यातल्या जोड्या नेहमीच्या नाहीत अशी शंका येते. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता चुंबकाचं बघू. 20–30 टेस्लांच्या पुढे जायचं तर अडचण असते ती दाबाची. क्षेत्र दुप्पट केलं की कॉइलला आतून बाहेर फाडू पाहणारा दाब चौपट होतो. 10 टेस्लाला हा दाब वातावरणाच्या 400 पट असतो, 100 टेस्लाला 40,000 पट. तांब्याची तार तो सोसूच शकत नाही. अमेरिकेत टॅलाहासीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत 45 टेस्लाचं स्थिर क्षेत्र मिळतं, ते दोन चुंबकं एकात एक बसवून: बाहेर 11.5 टेस्लाचं अतिसंवाहक चुंबक, आत 33.5 टेस्लाचं तांब्याच्या चकत्यांचं. चकत्यांना हजारो छिद्रं असतात आणि त्यांतून थंड पाणी अखंड दामटलं जातं, नाहीतर मेगावॉटांमध्ये मोजावी लागणारी वीज त्या चकत्या वितळवून टाकेल. 2022 मध्ये चीनमधल्या हफेई इथे अशाच जोडचुंबकाने 45.22 टेस्लापर्यंत मजल मारली.

याहून वर जायला युक्ती एकच, क्षणभरात आटपायचं. 1920च्या दशकात प्योत्र कापित्सा यांनी केंब्रिजमध्ये ती दाखवून दिली: कॉइल तापून खराब व्हायच्या आत वीज बंद करा. आजही हेच चालतं. कपॅसिटरांच्या रांगांमध्ये ऊर्जा साठवायची, ती एका दणक्यात कॉइलमध्ये सोडायची आणि शंभर-दोनशे मिलिसेकंदांत सगळं उरकायचं. मग कॉइल द्रव नायट्रोजनमध्ये पुन्हा थंड होईपर्यंत तासन्‌तास वाट पाहायची. फ्रान्समधलं तुलूझ, जर्मनीतलं ड्रेस्डेन, अमेरिकेतलं लॉस अलामॉस इथे असं काम चालतं. लॉस अलामॉसने मार्च 2012 मध्ये कॉइल शाबूत ठेवून 100 टेस्लांचा टप्पा ओलांडला. कॉइल फुटली तरी चालेल असं ठरवलं तर आणखी वर जाता येतं. 2018 साली टोकियो विद्यापीठाच्या काशिवामधल्या प्रयोगशाळेने 1200 टेस्ला गाठले, पण तिथे प्रत्येक वेळी कॉइलची आहुती द्यावी लागते आणि मोजायला मायक्रोसेकंद मिळतात.

मोजणाऱ्याची खरी कसोटी त्या काही मिलिसेकंदांत लागते. ती जरा जवळून पाहू.

नमुना असतो मिलिमीटरभर लांबीचा, बऱ्याचदा त्याहूनही छोटा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला चार तारा चिकटवतात, सोन्याच्या, केसाहून बारीक. टोकाच्या दोन तारांतून वीज पाठवायची आणि मधल्या दोन तारांमधलं व्होल्टेज वाचायचं. दोनच तारा लावल्या तर जोडांचा आणि तारांचा रोधही मोजला जातो, आणि जिथे शून्य ओळखायचं आहे तिथे ती भेसळ नको. इथवर ठीक. आता व्होल्टेजच्या त्या दोन तारा आणि नमुना मिळून एक छोटा फास तयार होतो. समजा त्या फासाचं क्षेत्रफळ अवघं 1 चौरस मिलिमीटर आहे. चुंबकीय क्षेत्र 10 मिलिसेकंदांत शून्यावरून 60 टेस्लावर गेलं, तर फॅरेडेच्या नियमाने त्या फासात आपोआप 6 मिलिव्होल्ट उत्पन्न होतात. नमुन्याचा रोध 10 मिलिओहम असेल आणि आपण त्यातून 1 मिलिअँपिअर वीज सोडली असेल, तर आपल्याला हवं ते व्होल्टेज आहे 10 मायक्रोव्होल्ट. खोटा आवाज खऱ्या आवाजाच्या 600 पट मोठा!

म्हणून तारा एकमेकींभोवती पीळ देऊन बसवतात, म्हणजे फासाचं क्षेत्रफळ जवळपास नाहीसं होतं. उरलेल्या गोंगाटासाठी वीज एका ठरलेल्या लयीत उलटसुलट पाठवतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्याच लयीत परत येणारं व्होल्टेज तेवढं उचलतात. गर्दीत ओळखीचा आवाज वेगळा ऐकू यावा तसं. ज्यांनी तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर वाकून त्या तारांना पीळ दिलेला असतो, त्यांच्या हातांवर अख्ख्या प्रयोगाचा भरवसा असतो.

दुसरा शत्रू उष्णता. झपाट्याने बदलणारं क्षेत्र धातूत भोवरधारा, म्हणजे गोल फिरणारी वीज, उत्पन्न करतं (अतिसंवाहकातले भोवरे ते वेगळे) आणि धातू तापतो. नमुना 1.5 केल्विनवर ठेवलाय असं आपण समजत असतो, आणि तो गुपचूप 3 केल्विनवर गेलेला असतो. तापमापकही भरवशाचा नसतो, कारण क्षेत्रात त्याचं स्वतःचं वाचन बदलतं. मग नमुना धरायच्या दांड्या प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या करतात, नमुना शक्य तितका बारीक कापतात, आणि एक साधी पण फार हुशार तपासणी करतात: क्षेत्र चढतानाची रेषा आणि उतरतानाची रेषा एकमेकींवर ठेवून बघायची. नमुना वाटेत तापला असेल तर उतरताना अतिसंवाहकता उशिरा परतते आणि रेषा जुळत नाहीत. जुळल्या नाहीत तर दर वेळी उष्णताच दोषी असेल असंही नाही. काही पदार्थांत खरोखरच येता-जाताना फरक पडतो. तो ओळखायला कमी-जास्त उंचीचे झटके देऊन पाहतात. एकच क्षेत्र वेगवेगळ्या गतीने ओलांडलं तरी उत्तर तेच आलं, तर ते नमुन्याचं उत्तर.

समजा, हे सगळं निगुतीने केलं. रेषा स्वच्छ आली. तरी सुरुवातीचा प्रश्न तिथेच आहे, आणि त्याचं कारण भोवऱ्यांत दडलंय.

नमुन्यातून वीज सोडली की भोवऱ्यांवर जोर येतो आणि ते सरकू पाहतात. भोवरा सरकला की व्होल्टेज दिसतं, म्हणजे रोध दिसतो. स्फटिकातले दोष, अशुद्धी, फटी भोवऱ्यांना अडकवून ठेवतात, आणि ते अडकून आहेत तोवरच आलेखात शून्य दिसतं. क्षेत्र किंवा तापमान वाढलं की भोवऱ्यांची घट्ट जाळी वितळते, जशी बर्फाची जाळी वितळून पाणी होतं, आणि भोवरे मोकळे वाहू लागतात. रोध परत येतो. पण जोड्या? त्या तशाच असतात! 22 टेस्लाला रेषा उचलली तेव्हा कदाचित फक्त भोवरे सुटले होते. रोध परत येणं आणि अतिसंवाहकता मरणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि नुसता रोध मोजणाऱ्याला दुसरी घटना दिसेलच असं नाही.

वायबीसीओ या तांब्याच्या ऑक्साइडवरून हा वाद किती खरा आहे ते कळतं. हा पदार्थ 1987 मध्ये गाजला, कारण तो 93 केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्याही वर, अतिसंवाहक होतो. त्यातला ऑक्सिजन थोडा कमी केलेल्या नमुन्यांवर 2007 साली तुलूझमध्ये 62 टेस्लापर्यंत मोजमापं झाली आणि रोधात क्षेत्रानुसार येणाऱ्या नियमित लहरी सापडल्या. अशा लहरी साध्या धातूंची खूण असतात. क्षेत्राने अतिसंवाहकतेचं पांघरूण दूर केलं आणि खालचा धातू दिसला, असा त्याचा अर्थ लावला गेला. 2014 मध्ये एका गटाने अशा नमुन्यांची उष्णतावाहकता मोजली. उष्णता भोवऱ्यांच्या सरकण्याने फसत नाही, आणि तिच्यात 20 टेस्लांच्या थोडं वर एक स्पष्ट कोपरा दिसला: वरचं निर्णायक क्षेत्र हेच, असा निष्कर्ष निघाला. मग 2021 मध्ये दुसऱ्या एका गटाने 45 टेस्लाच्या स्थिर चुंबकात, अत्यंत कमी तापमानात, फार थोडी वीज सोडून रोध पाहिला. तो 45 टेस्लापर्यंत शून्यच! वीज वाढवली की रोध दिसतो, कमी केली की नाहीसा होतो. म्हणजे मोजण्यासाठी सोडलेली वीजच भोवऱ्यांना ढकलत होती.

एकच पदार्थ, दोन काळजीपूर्वक केलेली मोजमापं, आणि उत्तरांत दुपटीचं अंतर. यात कुणी चुकलं असं मी मानत नाही. दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. त्यामुळे जे गट एकाच नमुन्यावर रोध, उष्माधारकता, चुंबकीय पीळ (क्षेत्र नमुन्याला वळवू पाहतं तो जोर) अशी दोन-तीन मोजमापं करतात आणि वीज किती सोडली तेही छापतात, त्यांच्या आकड्यांवर माझा जास्त विश्वास बसतो. तारा न लावताही मोजता येतं: नमुना एका छोट्या कॉइलजवळ ठेवायचा, कॉइल मेगाहर्ट्‌झच्या लयीत झुलवायची, आणि नमुन्यात क्षेत्र किती खोल शिरतंय त्याप्रमाणे ती लय किती ढळते ते पाहायचं. फासाचा त्रास नाही, चिकटवलेल्या जोडांची भानगड नाही.

तारा बनवणाऱ्यांना मात्र या वादाशी फारसं देणंघेणं नसतं, आणि ते रास्तच आहे. भोवरे सुटले की त्यांच्या लेखी तार निकामी. 1961 साली बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-टिनच्या तारेतून 8.8 टेस्ला क्षेत्रातही दर चौरस सेंटिमीटरला लाख अँपिअर वीज वाहते असं दाखवलं, आणि ओनेस यांचं अडलेलं स्वप्न पन्नास वर्षांनी मार्गी लागलं. तारेच्या मोजमापात बहुधा सेंटिमीटरला 1 मायक्रोव्होल्ट ही रेघ धरतात. तेवढं व्होल्टेज दिसलं की ती वीज म्हणजे तारेची मर्यादा. यात तार हलता कामा नये. 20 टेस्लात 500 अँपिअर वाहणाऱ्या तारेवर दर मीटरला 10,000 न्यूटन, म्हणजे एक टन वजनाएवढा जोर पडतो, आणि नायोबियम-टिन ठिसूळ असल्याने नुसत्या ताणानेही त्याची मर्यादा घसरते.

राहिला एक मोह, ज्याबद्दल मला सावध करावंसं वाटतं. चुंबक 9 टेस्लाचंच असेल तर पुष्कळ जण तेवढ्यातच मोजतात आणि रेषा हिशेबाने पुढे वाढवून ‘निर्णायक क्षेत्र 100 टेस्ला’ असं लिहितात. त्यासाठी 1966 पासून प्रचलित असलेलं एक सूत्रही आहे. साध्यासुध्या पदार्थांत ते बरं चालतं. पण वाढवलेली रेषा म्हणजे मोजलेली रेषा नव्हे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात शेजारी छापू नयेत असं माझं ठाम मत आहे. युरेनियमची काही संयुगं हे का ते दाखवतात.

युरेनियम-ऱ्होडियम-जर्मेनियमचं एक संयुग 2 टेस्लाला अतिसंवाहकता गमावतं. 2005 साली क्षेत्र आणखी वाढवून पाहिलं, तर 8 टेस्लाला ती परत आली आणि 13 टेस्लापर्यंत टिकली. 2 टेस्लाला मोजमाप थांबवणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

त्याहून थक्क करणारं आहे युरेनियम डायटेल्युराइड. हे 1.6 केल्विनला अतिसंवाहक होतं. मघाचा गुणाकार करा: मर्यादा 3 टेस्लांच्या आसपास यायला हवी. स्फटिकाच्या एका विशिष्ट अक्षाच्या दिशेने क्षेत्र लावलं तर ते 35 टेस्लापर्यंत तग धरतं, म्हणजे त्याच्या जोड्यांतल्या दोन इलेक्ट्रॉनांची तोंडं विरुद्ध नसून एकाच दिशेला असावीत, असं बहुतेकांचं मत आहे. 35 टेस्लाला स्फटिकाची चुंबकीय अवस्था झटक्यात पालटते आणि अतिसंवाहकता संपते. मग 2019 साली लॉस अलामॉसच्या झटक्याच्या चुंबकात तोच स्फटिक त्या अक्षापासून 20 ते 40 अंशांनी कलता ठेवून मोजला. रोध होता, 40 टेस्लांच्या पुढे तो खाली कोसळला, आणि शून्यावर जाऊन बसला. चुंबकाची धाव 65 टेस्लापर्यंत होती. आलेख संपला तेव्हा रेषा अजून तळालाच होती.